गळाची धार

खोल पाण्यात मोठा मासा लागून सुटला की होडीवर एकच शब्द ऐकू येतो: नशीब. पुण्या-मुंबईहून हौसेने गरवायला आलेले म्हणतात, आमच्या राजिवडा-मिरकरवाड्यातले जुने दर्यावर्दीही म्हणतात. माझे चाचा म्हणत नाहीत. ते तंगूस गुंडाळतात, गळ हातात घेतात आणि त्याचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकेच ओढतात. टोक नखात रुतलं तर गळ ठीक आहे. घसरलं तर, त्यांच्या शब्दांत, “मग नशिबाला कशाला नावं ठेवायची?”

चाचांचं निम्मं आयुष्य जाळ्यावर गेलं. आता ते फायबरच्या होडीतून हौशी लोकांना बाहेर नेतात आणि सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली असतो. या लोकांचे रॉड आणि रीळ पाहिले की डोळे दिपतात. रीळ कापडी पिशवीत, पिशवी पेटीत. गळ मात्र मागच्या सहलीचा, मिठाने पांढरा पडलेला, चारपाच भावंडांबरोबर डब्यात गुंतून बसलेला. मला हे कधी समजलं नाही. माशाला शिवणारी वस्तू या सगळ्या सामानात एकच, आणि तीच सगळ्यांत स्वस्त म्हणून दुर्लक्षित.

सुरमईचा जबडा हाडाचा असतो, कोकराचा ओठ चामड्यासारखा चिवट. त्यात वीस-पंचवीस वाव नायलॉनची तंगूस पाण्यात सोडलेली. नायलॉन ताणलं जातं, त्यामुळे वर कितीही जोराने झटका दिला तरी खाली गळापर्यंत त्यातला थोडाच पोचतो. तेवढ्या जोरात धारदार टोक वाकापर्यंत आत जातं. बोथट टोक हाडावर घसरतं किंवा नुसती कातडी धरतं. मग मासा दोन-चार मिनिटं ओढ देतो, कातडी फाटते आणि तो जातो. आपण म्हणतो सुटला. सुटला खरा, पण फाटलेल्या तोंडाने.

धार लावायला चाचांकडे बारीक दातांची एक चपटी कानस आहे आणि होडीवर न्यायला हिऱ्याची भुकटी बसवलेली छोटी पट्टी. गळाचा वाक पकडीत धरायचा आणि टोकाच्या दोन्ही बाजूंना कानस फिरवायची, एकाच दिशेने. पुढे-मागे घासली की कानसही जाते आणि टोकही. शेवटी बाहेरच्या अंगाला दोनतीन हलके हात. टोकाला तीन कडा आल्या की झालं. गोल टोक फक्त भोसकतं, कडा असलेलं टोक कापत आत शिरतं. नवखे लोक इथे जोशात येतात आणि टोक सुईसारखं लांब, बारीक करतात. नखावर ते छान रुततं, पण माशाच्या हाडाला लागलं की दुमडतं. टोक आखूड हवं आणि मागे पोलादाचा भरवसा हवा. घासलेल्या जागेवरचा मुलामा गेलेला असतो, तिथे गंज आधी धरतो. म्हणून चाचा तिथे खोबरेल तेलाचं बोट फिरवतात. काही लोक मार्कर पेनाची शाई लावतात.

सगळ्याच गळांना मात्र कानस लावू नये. नॉर्वेची मुस्टाड कंपनी 1832 सालची, गळ ती 1877 पासून बनवते. जुन्या पद्धतीचे जाड, कल्हई केलेले गळ नवेकोरे असले तरी टोकाला पुरेसे धारदार नसत. घासूनच वापरायचे अशी रीत होती. हल्लीचे बरेचसे गळ रसायनात बुडवून टोक झिजवलेले असतात. ते पाकिटातूनच इतके तीक्ष्ण येतात की कानस लावली तर आपण बिघडवतोच. असा गळ खडकाला घासला, टोक वाकलं, की सरळ बदलायचा.

धारेइतकीच किंमत कोरडेपणाला. घरी आल्यावर गळ गोड्या पाण्यात धुवायचे, फडक्याने पुसायचे, वाऱ्यावर ठेवायचे. वापरलेला एक ओला गळ डब्यात परत टाकला की आठवड्यात तो शेजारच्यांनाही गंजवतो. टोकावरचा गंज दिसतो. नेढ्यात आणि उलट्या काट्याच्या खाचेत बसलेला दिसत नाही, आणि गळ तुटतो तो तिथेच.

बकरी ईदच्या आधी मोहल्ल्यातल्या अर्ध्या सुऱ्या चाचांच्याच निसण्यावर येतात. जनावराला त्रास होऊ नये म्हणून सुरीला आधी धार लावा, ही हदीसमधली शिकवण आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. माशाला जबह लागत नाही, तेव्हा हा हुकूम गळाला लागू आहे असं मी म्हणणार नाही. मी आलिम नाही. पण सुरी घासताना आणि गळ घासताना चाचांच्या चेहऱ्यात मला फरक दिसलेला नाही.

अडचण पुढेच आहे. सजीवाला नेम धरण्याचं लक्ष्य करू नका, हेही आपल्याला सांगितलेलं आहे. मग मासा धरायचा, फोटो काढायचा आणि सोडायचा, या खेळाचं काय? हौशी मंडळी म्हणतात, सोडणं म्हणजे दया. कधी असेलही. पण एकदा खोलातून गोबरा वर आला. दाब कमी होताच पोटातली हवा फुगून त्याचा जठर तोंडातून बाहेर आला होता. पाहुण्याला तो सोडायचा होता, व्हिडिओसकट. चाचा म्हणाले, “शेठ, हा आता खाली जायचा नाय. घरी न्या, खा.” पाहुणा नाराज झाला. माझ्या मते बरोबर चाचाच होते. खोलातला मासा खायचा नसेल तर तिथे गळ टाकायलाच नको.

आता होडी जेटी सोडण्याआधीच चाचा विचारतात, “खायला की सोडायला?” सोडायला म्हटलं तर ते खोलात नेतच नाहीत, वरच्या पाण्यातल्या कोकरावर जातात. आमिषाचे तीन तोंडांचे गळ काढून एकेरी लावतात, पकडीने उलटा काटा दाबून सपाट करतात. जिवंत किंवा कापलेलं आमिष असेल तर आतल्या बाजूला वळलेल्या टोकाचा गोल गळ. त्याला झटका द्यायचा नाही, नुसतं सावकाश गुंडाळत राहायचं, बहुतेकदा तो जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही. हे सगळं करून झालं की पाहुण्याचा अंगठा पुढे करायला लावतात आणि त्याच्याच नखावर टोक टेकवतात.