टेपच्या काळातली रात्र

नव्वदच्या दशकाच्या शेवटी चिंचवडच्या आमच्या कारखान्यात संध्याकाळी टेप बदलून मगच मी घरी निघायचो. तळहातात मावणारी चार मिलिमीटरची डॅट टेप, डीडीएस-३ जातीची, १२ जीबीची. पाठीवर पेनने ‘सोम’, ‘मंगळ’ लिहिलेलं असायचं आणि महिनाअखेरची टेप बँकेच्या लॉकरमध्ये जायची. एक टेप भरायला तीनेक तास लागायचे. सर्व्हरकडून माहिती यायला उशीर झाला की टेप थांबायची, थोडी मागे जायची, पुन्हा धावायची. बॅकअप रखडलाय हे तिचा आवाज दाराबाहेर ऐकूनच कळायचं. हेड मळलं की दिवा लुकलुकायचा, क्लीनिंग कॅसेट घातली की काम झालं. ही देखभाल दिवसा, आपल्या सोयीने व्हायची. रात्र अख्खी बॅकअपची होती.

रेड, म्हणजे एखादी डिस्क गेली तरी माहिती टिकावी म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडण्याची रीत, तेव्हाही होतं. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांचा त्यावरचा निबंध १९८८चा. आमच्याकडे ९ जीबीच्या स्कझी डिस्कचं रेड-५ होतं. एखादी डिस्क गेली तर नवी खोचायची, जेवून येईपर्यंत रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कवरची माहिती नव्या डिस्कवर पुन्हा उभी करणं, आटोपलेलं असायचं.

आज बॅकअप जातो तो २० टीबीच्या डिस्कच्या रेड-६वर. डिस्कची क्षमता दोन हजार पटींहून जास्त वाढली, सलग वाचनाचा वेग मात्र जेमतेम दहा-बारा पट. सेकंदाला २०० एमबी धरले तरी अशी एक डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचायला जवळजवळ २८ तास हवेत, तेही दुसरं कुणी मध्ये आलं नाही तर. तबकडी अजून मिनिटाला ७,२०० फेऱ्याच मारते. सीगेटची बाराकुडा १९९२मध्ये आली तेव्हाही एवढ्याच होत्या. म्हणजे हेडला इकडून तिकडे पळवलं, तर आजची डिस्कही सेकंदाला शंभरेक उड्यांपलीकडे फारसं काही देत नाही.

आणि पळवणारे आता बरेच झालेत. बॅकअप सॉफ्टवेअर जुन्या तुकड्यांतून नवा फुल बॅकअप शिवतं, डीडुप्लिकेशन नको असलेले तुकडे वेचून काढतं, आणि खाली रेडचं स्वतःचं, डिस्क वाचून तपासण्याचं काम चालू असतं: कुठे स्क्रब, कुठे पॅट्रोल रीड, कुठे कन्सिस्टन्सी चेक. देबियनवर वर्षानुवर्षे ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री १२:५७ला सुरू व्हायची. नेमका शनिवार-रविवार फुल बॅकअपचा! लिनक्समधल्या रेडची स्थिती दाखवणारी ‘एमडीस्टॅट’ फाइल उघडून बसलं की सगळं दिसतं. तपासणी छान दीड लाख के (किलोबाइट) प्रति सेकंदाने चाललेली असते. बॅकअप सुरू होतो आणि आकडा धाडकन काही हजारांवर येतो, संपायची मिनिटं शेकड्यांवरून हजारोंवर जातात. लिनक्सची रीत अशी की बाहेरचं काम आलं की तपासणीने मागे सरायचं, पण सेकंदाला १,००० केच्या खाली शक्यतो जायचं नाही. मागे सरली तरी हेड दोन ठिकाणी धावतच राहतं, त्यामुळे बॅकअपही पहाटेऐवजी दुपारी संपतो.

असं दोनदा झालं की कुणीतरी म्हणतंच, तपासणी बंद करू या. मी ते कधीच होऊ देत नाही. महिनोन्‌महिने न वाचलेला सेक्टर खराब झाला, तर तो कळतो नेमका रीबिल्डच्या वेळी, आणि तेव्हा राखीव बळ आधीच कमी झालेलं असतं. बॅकअपचा साठा तर असा की त्यातलं बरंचसं पुन्हा कुणी उघडतच नाही. तिथे ही तपासणी सर्वांत जास्त हवी. टेपला फक्त दिवा होता, टेपवरचा मजकूर शाबूत आहे का हे परत वाचून पाहिल्याशिवाय कळत नसे. आजची डिस्क स्वतःला तपासते, ही मला त्या शांत रात्रींपेक्षा मोठी कमाई वाटते. एक फाइल परत आणायला टेप गुंडाळत बसण्याचे अर्धे-अर्धे तासही आता गेले, तेही बरंच झालं.

तेव्हा तपासणी आम्ही मंगळवारी नेली. वेगाची वरची मर्यादा बॅकअपच्या तासांत उतरवतो, सकाळी चढवतो. लिनक्समधल्या रेडच्या नव्या साधनांबरोबर येणारी व्यवस्था रात्री सहा तास तपासून थांबते, दुसऱ्या रात्री पुढून धरते. मोठ्या डिस्कना हेच मानवतं. रीबिल्डला मात्र वार नसतो. डिस्क गेली की फुल बॅकअप पुढे ढकलायचा, बदलांपुरता तेवढा घ्यायचा, आणि सगळा जोर रीबिल्डला द्यायचा. अहवालात त्या रात्री लाल रेघ दिसली तरी चालेल.