पोटखराबा

सातबाऱ्यावर पोटखराब्याचा एक रकाना असतो. ज्या जमिनीत काही पिकत नाही तिची नोंद तिथं होते. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या आमच्या गटात वडिलांच्या वेळेला अकरा एकरांतले सहा एकर पोटखराबा होते. खाली मुरूम, वर वीतभर माती, तिच्यात कुसळी आणि पवन्या गवत, मधूनच एखादी बोर नाहीतर तरवड. आम्ही त्याला माळ म्हणायचो. शेरडं तिथं, गवऱ्या तिथं, पोरांचा विटीदांडू तिथं. वडील म्हणायचे, "माळ हाय म्हणून जनावरं हायती." पण जमिनीची किंमत करायची वेळ आली की तेच सहा एकर मोजणीत धरायचे नाहीत.

यंदा संक्रांतीला थोरल्याचा मुलगा पुण्याहून आला. सातवीत आहे. त्याच्या वर्गातली पोरं ताडोब्याला जाऊन वाघ बघून आली होती. मला म्हणाला, "आजोबा, आपल्याकडं जंगलच नाही ना?"

म्हटलं, "हाय की. फकस्त त्यात झाडं न्हाईत."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग धाकट्याच्या मागं लागून द्राक्षाचे क्रेट वाहायची आमची छोटा हत्ती गाडी काढली. आता क्रेट नाहीत आणि द्राक्षंही नाहीत, त्यामुळे गाडी मोकळीच होती. धाकटा कुरकुरला, "डिझेल घालून हरणं बघायची? रानात येऊन फुकट खात्यात की." पण आला.

पहिल्यांदा गाठलं भिगवण. पहाटे निघालो म्हणून ऊन चढायच्या आत उजनीच्या पाण्यावर पोचलो. १९८० साली उजनी धरण पुरं झालं. त्या पाण्याखाली आमच्या चुलतआत्याचं सासर गेलं. ती म्हणायची, पाण्याखाली माझी चूल आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ वर येतं, तेव्हा ती बघायला जायची. ज्यांची रानं बुडाली त्यांची नातवंडं आज त्याच पाण्यात होड्या चालवतात. आमचा नावाडी मासेमारी करणाऱ्या घरातला होता. त्यानं लांबूनच मोटार बंद केली आणि बांबूनं होडी पुढं रेटली. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा माना उलट्या करून चिखल गाळत होता. एकदम उठले तेव्हा पंखाखालचा तांबडा रंग दिसला. नातवानं मोबाईल काढेपर्यंत ते पुन्हा खाली बसले होते.

तिथून बारामतीवरून सुप्याला. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. मोरगावच्या गणपतीवरून त्याला नाव पडलं. १९९७ साली जाहीर झालं, क्षेत्र पाच चौरस किलोमीटरच्या थोडं वर. चिंकाऱ्यासाठी राखलेला हा माळ आहे. चिंकारा काळविटासारखा मोठ्या कळपात मिरवत नाही. दोन-चार जण असतात, आणि अंग गवताच्या रंगाचं. नातू म्हणाला, "कुठं काय आहे?" तेवढ्यात समोरच्याच गवतानं कान हलवला. चौघं उभे होते. आम्ही त्यांच्याकडं बघायच्या किती आधीपासून ते आमच्याकडं बघत होते कुणास ठाऊक.

मुक्काम कर्जत तालुक्यात बहिणीकडं. सकाळी दाजींनी रेहेकुरीला नेलं. १९८० साली काळविटांसाठी केलेलं हे अभयारण्य सव्वादोन चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. एकरांत म्हटलं तर साडेपाचशेच्या आत. एखाद्या जुन्या इनामदाराकडं याहून जास्त रान असायचं! पण काळवीट तिथं बघावा. पिळाची शिंगं, वरून काळा आणि पोटाला पांढरा नर, त्याच्यामागं तांबूस माद्या. कुत्रं भुंकलं तशी एक मादी उडाली. पळण्याआधी सरळ वर उडी, मग दुसरी, मग तिसरी. बाकीचा कळप तिच्यामागून तसाच. धाकटाही कुरकुर विसरून बघत राहिला.

दाजी मात्र कुंपणापलीकडं हात करून म्हणाले, "बघायला ब्येस, राखायला वंगाळ." कुंपणाला लागून लोकांचा हरभरा होता. हरणाला कुंपण म्हणजे काय आणि हद्द म्हणजे काय? रात्री शेंडे खुडून जातात. दाजी हुरड्याच्या दिवसांत महिनाभर मचाणावर झोपतात, उशाला गोफण. मी यावर काही बोलू शकलो नाही, कारण मी स्वतः ते भोगलंय. एका साली दोन एकर जोंधळा उगवून हातभर आला आणि चार रात्रींत साफ झाला. पंचनामा झाला. पैसे मिळाले तेव्हा धाकटा हसून म्हणाला होता, "दादा, खेट्याच्या एसटीचं भाडं सुटलं." जंगलाबद्दल लिहिणारे शहरातले लोक कधी हे लिहीत नाहीत, म्हणून मी लिहितो.

परत येताना करमाळा-टेंभुर्णीवरून आलो. दुसऱ्या दिवशी घरचंच नान्नज. सोलापूर-बार्शी रस्त्यावरचं हे गाव दोन गोष्टींसाठी माहीत आहे. एक, नानासाहेब काळे यांनी इथं शोधलेली सोनाका जातीची द्राक्षं. दुसरा, माळढोक.

माळढोक मी पहिल्यांदा पाहिला तो बहात्तरच्या दुष्काळानंतर. दुष्काळात लोक खडी फोडत होते, मिलो खात होते आणि माळावर गवताची काडी राहिली नव्हती. पुढं अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून माळाचे काही तुकडे चराईबंद केले. गवत आलं, गवताबरोबर नाकतोडे आले आणि नाकतोड्यांमागं हा पक्षी. उंचीला माझ्या कमरेच्या वर, मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी. मोठा नर बारा-पंधरा किलोपर्यंत भरतो. एवढं धूड घेऊन तो उडतो याचंच आम्हा पोरांना नवल वाटायचं. पावसाळ्यात नर उंचवट्यावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवायचा. ती पार पायापर्यंत लोंबायची आणि तिच्यातून घुमल्यासारखा 'हूम' आवाज यायचा. म्हणून त्याला हूमही म्हणतात. आम्ही रिकाम्या घागरीत तोंड घालून ती नक्कल करायचो.

१९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांचे तालुकेच्या तालुके त्यात आले, मिळून आठ हजार चारशे चौरस किलोमीटरच्या वर. गावं आली, बाजार आले, ऊस आला. आम्ही म्हणायचो, आपण अभयारण्यात राहतो की अभयारण्य आपल्यात राहतंय? पुढं क्षेत्र कमी करून बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं, पण तोवर तीस वर्षं गेली होती. मधल्या काळात जमिनीचा व्यवहार म्हटलं की हा कागद आण, तो दाखला आण. मुलीच्या लग्नाला एक एकर काढायचं ठरवलं तर खरेदीखत अडलं. शेवटी सावकाराकडून पैसे उचलले. त्या दिवसांत गावात कुणी माळढोकाचं नाव चांगल्या तोंडानं घेत नव्हतं, आणि मीही नाही.

तरी लांबून लोक यायचे. मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे असद रहमानी ऐंशीच्या दशकात या पक्ष्याचा अभ्यास करायला इथं यायचे. सालिम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाचं नाव सुचवलं होतं, हेही मला अशाच एका पाहुण्याकडून कळलं. झाला मोर. एवढ्या मोठ्या मानाला हुकलेला पक्षी आमच्या पोटखराब्यात राहतो हे ऐकून मला हसू आलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

नव्वदनंतर बोअरला पाणी लागलं. गावात द्राक्षाचे मांडव उभे राहत होते. सहा एकर पोटखराबा माझ्या डोळ्यांत खुपायला लागला. कर्ज काढून ट्रॅक्टर लावला. पाऊस लांबला म्हणून काम श्रावणात गेलं. ट्रॅक्टरच्या पुढं मी दगड वेचत चाललो होतो. दहा पावलांवर एक माळढोक मादी उठली. पंखांचा आवाज अजून कानात आहे. ती उठली तिथं अंडं होतं. एकच. घरटं नाही की काडी नाही, उघड्या भुईवर. कोंबडीच्या अंड्याच्या दुप्पट, शेवाळी-तपकिरी, वर गडद डाग. पाऊल पडलं असतं तरी कळलं नसतं. माळढोक एका वेळेला बहुतेक एकच अंडं घालतो, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी ड्रायव्हरला हात केला. खळ्याएवढी जागा सोडून बाकीचं नांगरायला सांगितलं. वनखात्याचा रखवालदार माझ्या ओळखीचा होता. त्याच संध्याकाळी पारावर भेटला, चहा प्यालो. अंड्याचा विषय जिभेवर आला आणि मी तो गिळला. अंडं सापडलं म्हटलं तर काम थांबणार, रान कायमचं अडकणार, असं लोक बोलायचे. खरं-खोटं मी विचारलं नाही. विचारायचं नव्हतंच मला.

दुसऱ्या दिवशी मादी लांब बांधावर उभी होती. आत आली नाही. चोहीकडं ढेकळं, मध्ये खळ्याएवढं गवत. आता वाटतं, ती जागा सोडली म्हणजे मी काय केलं? लांबूनसुद्धा दिसावी अशी खूणच केली. तिसऱ्या दिवशी नुसती टरफलं होती. कावळा असेल, मुंगूस असेल. चौथ्या दिवशी ती जागाही नांगरली.

द्राक्षं चांगली झाली, खोटं कशाला बोलू? घर झालं, थोरला इंजिनिअर झाला. वीस-बावीस वर्षं बागेनं दिलं.

नान्नजला मनोऱ्यावर चढलो तेव्हा ऊन कलत होतं. खाली वाळलेलं सोनेरी गवत, त्यात काळविटांचा एक कळप. एका बाजूला गिरिपुष्पाची झाडं. माळ म्हणजे उघडं रान, त्यावर झाडं लावली की काम झालं, असं एके काळी सगळ्यांनाच वाटायचं. पण माळढोकाला मोकळी नजर लागते, झाडांची गर्दी त्याला नको असते. अंधार पडायच्या आधी भोवत्या आल्या. हिवाळ्यात लांबच्या मुलखातून येणारे हे ससाण्याच्या अंगलटीचे पक्षी रात्री गवतातच भुईवर झोपतात. गवतावरून तरंगत यायच्या आणि एकेक करून खाली विझायच्या. नातवानं सोळा मोजल्या.

त्यानं रखवालदाराला विचारलं, "माळढोक कधी दिसेल?" रखवालदार भला माणूस. म्हणाला, "नशीब असलं तर." गेली काही वर्षं गणतीला एखाददुसराच दिसतो, कधी तोही नाही. राजस्थानात जैसलमेरकडं थोडे उरलेत. तिथं समला २०१९ पासून अंडी यंत्रात उबवून पिल्लं वाढवतात, हे नातवाला माझ्याहून जास्त माहीत होतं. त्यानं व्हिडिओ पाहिला होता. "एकेक अंडं जपतात आजोबा, डॉक्टर असतात तिथं," म्हणाला.

गाडीत मी गप्प होतो. घरी आल्यावर त्याला घेऊन रानात गेलो. बोअर सहाशे फुटांवर कोरडं पडलं, बाग काढून तीन वर्षं झाली. मांडवाचे अँगल भंगारात गेले. ई-पीक पाहणीत धाकटा त्या सहा एकरांची 'चालू पड' अशी नोंद करतो. तिथं कुसळी परत आलीय, कडेनं पवन्याही. कुणी पेरलं नाही.

साधारण जागा माझ्या लक्षात आहे. तिथं उभा राहून नातवाला सगळं सांगितलं. धाकटाही मागं येऊन उभा होता, ते मला नंतर कळलं.

नातवानं एवढंच विचारलं, "त्या रखवालदाराला तुम्ही का नाही सांगितलं?"

म्हटलं, "जमीन जाईल म्हणून."

"मग गेली असती का?"

"ठाऊक न्हाई."

तो पायातली कुसळं काढत बसला. मोजे पार भरले होते. धाकटा काही बोलला नाही. सोलरवाल्यांना हे सहा एकर भाड्यानं हवे आहेत. वर्षाला चांगले पैसे येतील आणि राखणही करावी लागणार नाही. त्यांचा माणूस येत्या आठवड्यात कागद घेऊन येणार आहे. सातबारा अजून माझ्या नावावर आहे. रात्री जेवताना धाकटा म्हणाला, "दादा, सही तुमचीच लागती." मी भाकरी मोडत राहिलो.