कडेची भोकं

जुनी फिल्म हातात आली की मी चित्राआधी तिच्या कडा बघतो. फिल्म-जतनाच्या कामात ही सवयच जडते. चित्रात काय आहे ते कोणीही सांगेल. ते पडद्यावर स्थिर उभं राहील का, हे कडेची भोकं सांगतात.

चित्रपटाची पट्टी सलग धावत नाही, थांबत थांबत सरकते. कॅमेऱ्यातला आकडा भोकात शिरतो, पट्टी चौकटभर खाली ओढतो आणि बाहेर पडतो. पट्टी क्षणभर स्थिर राहते, तेवढ्यात तिच्यावर उजेड पडतो. एडिसनच्या पट्टीत प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोकं असत. ल्युमिएर बंधूंच्या पट्टीत एकेकच, तीही गोल. ७ जुलै १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात लोकांनी पाहिलेली हलती चित्रं ल्युमिएरांचीच.

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला गेले, हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते त्यांनी पाहिलं आणि विल्यमसन कॅमेरा घेतला. तो सगळ्यांना ठाऊक आहे. भोकं पाडायच्या यंत्राबद्दल, पर्फोरेटरबद्दल, फारसं कोणी बोलत नाही. फाळक्यांकडे कच्ची फिल्म येई ती बिनभोकांची. ती भोकं पाडली सरस्वतीबाई फाळके यांनी, दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक उरकल्यावर, रात्री अंधारात. उजेडाचा कवडसा लागला तर पट्टी वाया.

‘राजा हरिश्चंद्र’ साधारण ३,७०० फुटांचा. एका फुटात १६ चौकटी, म्हणजे दोन्ही कडा धरून १२८ भोकं. एका प्रतीचीच पावणेपाच लाखांच्या आसपास होतात, निगेटिव्हची वेगळी. शिवाय दोन भोकांमधलं अंतर काटेकोर हवं. चौकट जेमतेम इंचभर रुंद. पंधरा फुटी पडद्यावर बारीकशी चूकही १८० पट मोठी होते आणि सगळं चित्र थरथरतं. ३ मे १९१३ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये प्रेक्षकांसमोर हरिश्चंद्र उभा राहिला, त्यामागे हे काम आहे.

सरस्वतीबाईंचं नाव निघतं ते बहुधा दागिन्यांसाठी. पतीच्या ध्यासापायी त्यांनी दागिने दिले हे खरंच, पण तेवढंच सांगितलं की त्या फक्त त्यागमूर्ती उरतात. मला त्या भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांपैकी एक वाटतात. फाळक्यांनी त्यांना फिल्म धुणं, रसायनं मिसळणंही शिकवलं होतं. आपल्या सूचींमध्ये दिग्दर्शक, नट, छायाचित्रकार यांच्या बरोबरीनं त्यांची नोंद व्हायला हवी.

आणखी एक आग्रह धरावासा वाटतो. नायट्रेट फिल्म वयानुसार आक्रसते, भोकांमधली अंतरं बदलतात, यंत्राचे दाते त्यांत बसेनासे होतात. मग डिजिटल प्रत करताना नुसती चौकट घेतली जाते आणि कडा कापल्या जातात. माझं म्हणणं, पहिली प्रत कडांसकट पूर्ण रुंदीची घ्यावी. भोकांचा आकार, त्यांची चाल, चिकटवलेले सांधे यांवरून पट्टी कोणत्या यंत्रातून गेली असेल याचा अंदाज येतो. प्रेक्षकांसाठी नंतर हवी तेवढी चौकट कापा. मूळ नोंदीत मात्र कडा राहू द्या.