खुळखुळ, खडखड, कुरकुर

नागपुरात बर्डीवर दिवसा हा आवाज ऐकूच येत नाही. व्हरायटी चौकातले हॉर्न, मेन रोडवरच्या फेरीवाल्यांच्या आरोळ्या, डोक्यावरून जाणारी मेट्रो. त्यात गाडीच्या डॅशबोर्डची कुरकुर कुणाच्या कानी पडणार? ती पडली पहाटे, टेकडी गणपतीच्या रस्त्यावर.

"बाबा, ऐकू येऊन राहिलं का?" मुलीने शेजारी बसलेल्या वडिलांना मोठ्याने विचारलं.

"नाही."

मराठीने निदानाचं निम्मं काम आधीच करून ठेवलं आहे. खुळखुळ म्हणजे दाराच्या कप्प्यातलं सुटं नाणं. खडखड म्हणजे पॅनेलची निसटलेली क्लिप. टकटक म्हणजे सीटबेल्टचं बक्कल. कुरकुर म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. व्हायोलिनची तार गजाखाली अशीच बोलते. त्यात नागपूरचं ऊन. 40 अंशांनी तापलेली मीटरभर पोलादी पट्टी जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते, प्लास्टिक त्याच्या कित्येक पट. अशा उन्हाळ्यांनी जोड ढिले होतात, रबर कडक होतं. मोठ्याने गाणी लावणं हे त्यावरचं औषध नव्हे.

वडील एम्प्रेस मिलमध्ये जॉबर होते. गांधीसागर तलावाजवळची ही गिरणी जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी सुरू केली. व्हिक्टोरिया त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून हे नाव. माग खात्यात शेजारच्याचं बोलणं ओठांवरून वाचावं लागे. असा गोंगाट कानातून आधी 4000 हर्ट्झच्या आसपासचे बारीक आवाज पुसतो. वडिलांच्या कानातून चिमण्यांची चिवचिव फार पूर्वीच गेली. पण रांगेतून चालताना ते प्रत्येक मागाच्या चौकटीवर क्षणभर तळहात ठेवत. धोटा पेटीत नीट बसतो की आपटतो, हे हाताला कळे. रात्रपाळीहून आल्यावरही जेवताना त्यांची बोटं ताटाच्या कडेवर तोच ठेका धरत, आणि आई ताट हळूच सरकवून घेई.

मुलगी वीसच्या वेगाने गाडी चालवत होती. वडिलांचा तळहात डॅशबोर्डवरून सावकाश फिरत होता. समोरच्या कप्प्याच्या झाकणाशी तो थबकला.

"इथं थरथर होऊन राहिली."

त्यांनी दाबलं. कुरकुर थांबली. झाकणाची रबरी गुंडी दगडासारखी झाली होती. तिथे फेल्टची बोटभर पट्टी चिकटवली.

परतताना गाडी गप्प होती. वडिलांनी हात मात्र झाकणावरून काढला नाही.

"गांधीसागरकडून घे न," ते म्हणाले.