सोमवारी की सोमवारपासून?

ही पोस्ट लिहू की नको, असं महिनाभर चाललं होतं. यात कुठल्या डॉक्टरला शिव्या नाहीत, हॉस्पिटलचं नाव नाही, आणि जी चूक झाली तिच्यात माझाही वाटा आहे. अशी पोस्ट लिहायला हात धजत नव्हता. पण परवा आमच्या पतसंस्थेत एक प्रसंग घडला आणि वाटलं, आता लिहायलाच पाहिजे. तो प्रसंग शेवटी सांगतो. आधी आईचं.

आई ६४ वर्षांची. आमचं गाव पंढरपूर तालुक्यात. गेल्या वर्षी तिची बोटं सुजायला लागली. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळायची नाही. भाकरी थापता येईना, तेव्हा कुठे ती दवाखान्यात यायला तयार झाली. शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, संधिवात निघाला. वयाबरोबर गुडघे दुखतात तो नव्हे, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं तो. डॉक्टर चांगले, हुशार, फीसुद्धा वाजवी. आमचा नंबर ४६ वा. बाहेर तीन तास बसलो, आत चार-पाच मिनिटं.

त्या चार-पाच मिनिटांतलं शेवटचं वाक्य मला आता पाठ आहे. "मावशी, ही गोळी सोमवारी घ्यायची, ही दुसरी मंगळवारी. बाकीच्या रोज. महिन्याने रक्त तपासून या. समजलं?"

आई म्हणाली, "हो."

मी शेजारी उभा होतो. वसुलीचा एक मेसेज आला होता, तो वाचत होतो.

चिठ्ठीवर इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं की ही गोळी आठवड्यातून एकदा. मी चिठ्ठी न वाचता मेडिकलवाल्याकडे दिली. त्याच्याकडेही गर्दी. त्याने पट्ट्या कापल्या, हाताच्या सवयीने प्रत्येक पट्टीवर पेनने १-०-० असं टाकलं, कागदी पाकिटात भरल्या आणि पैसे सांगितले. आम्ही सहाची एसटी पकडली.

आईने सोमवारी पहिली गोळी घेतली. मंगळवारी ती आणि दुसरी. बुधवारी दोन्ही. गुरुवारी दोन्ही.

आठव्या दिवशी तिचं तोंड आलं. तिने ठरवून टाकलं की उष्णता झाली. गुलकंद खाल्ला, सब्जा भिजवून प्यायली, चटणी बंद केली. तरी कमी होईना म्हणून गावातल्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तोंड बघून बी-कॉम्प्लेक्स दिलं. दुसऱ्या काय गोळ्या चालू आहेत हे त्यांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. अकराव्या दिवशी ताप भरला. दंडावर, मांडीवर निळे-काळे डाग दिसायला लागले. पाणी गिळता येईना. बाराव्या दिवशी आम्ही तिला गाडीत घालून शहरात आणलं तेव्हा पांढऱ्या पेशी ११०० होत्या. त्या चार हजारांच्या वर लागतात. प्लेटलेट्स २८ हजार. त्या दीड लाखाच्या वर लागतात.

त्या गोळीचं नाव मेथोट्रेक्सेट. मोठ्या डोसमध्ये ती कॅन्सरवर देतात. संधिवातावर अगदी लहान डोसमध्ये, आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर ती रक्त तयार करणारी यंत्रणाच दाबून टाकते. दुसरी गोळी फॉलिक अॅसिडची, पहिलीचा त्रास कमी व्हावा म्हणून दिलेली. आमच्या पाकिटात दोन्ही गोळ्या पिवळ्या होत्या आणि दोन्हींवर १-०-० होतं.

अकरा दिवसांत दोन गोळ्या जायला हव्या होत्या. अकरा गेल्या.

नऊ दिवस आई दवाखान्यात होती. उतारा म्हणून इंजेक्शनं, अँटिबायोटिक्स, रक्ताची धावाधाव. वाचली. आता चुलीपुढे बसते, दुसरं औषध चालू आहे, आणि "माज्यापायी लई खर्च झाला" असं रोज एकदा म्हणते.

आता मुद्द्याचं. तिसऱ्या दिवशी संधिवाताचे डॉक्टर स्वतः वॉर्डात आले. खरं सांगतो, त्या दिवशी माझ्या डोक्यात राग मावत नव्हता. चुलतभाऊ तर "बघून घेऊ" म्हणूनच आला होता. डॉक्टरांनी स्टूल ओढलं, आईच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मावशी, त्या दिवशी मी काय सांगितलं, ते तुम्हाला कसं ऐकू आलं तेवढं सांगा."

आई म्हणाली, "तुमी म्हनला सोमवारी ही, मंगळवारी ती. मला वाटलं सोमवारपास्नं ही चालू करायची, मंगळवारपास्नं ती."

खोलीत कोणी काही बोललं नाही.

नंतर ती हळूच म्हणाली, "इचारनार हुते. पन भायेर मानसं थांबल्याली."

चुलतभाऊ बाहेर निघून गेला. माझा राग कुठे ठेवावा मला कळेना. कारण बघा, सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं. डॉक्टरांनी तोंडी सांगितलं होतं, ते बरोबर होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं, तेही बरोबर होतं. आईने जे ऐकलं ते तिने इमानदारीने पाळलं, एक गोळी चुकवली नाही. मेडिकलवाल्याचा १-०-० तेवढा चूक, आणि त्यालाही कोणी हटकलं नाही, कारण चिठ्ठी वाचता येणारा घरातला एकमेव माणूस मोबाईलमध्ये होता.

आपण समजतो की सांगितलं म्हणजे पोचलं. आणि ते पोचलं का हे बघायला आपल्याकडे एकच हत्यार आहे: "समजलं का?" या प्रश्नाला आपल्या समाजात एकच उत्तर आहे. शाळेत मास्तरांनी विचारलं तरी "हो", तलाठ्याने विचारलं तरी "हो", डॉक्टरांनी विचारलं तरी "हो". "नाही" म्हटलं तर आपण अडाणी ठरू, साहेब वैतागतील, मागचे लोक चुळबुळ करतील. आईचं ते "हो" समजल्याचं नव्हतंच. "तुमचा वेळ घेत नाही" असा त्याचा अर्थ होता.

नंतर वाचलं तेव्हा कळलं, ही चूक आमच्याच घरात झालेली नाही. हीच गोळी हप्त्याऐवजी रोज घेतल्याने जगभर माणसं दगावली आहेत. २०१९ साली युरोपच्या औषध नियामक संस्थेने त्यासाठी पाकिटावर ठळक इशारा आणि पेशंटजवळ कार्ड असावं असं ठरवलं. २०२० साली ब्रिटनच्या संस्थेने सांगितलं की वार पेशंटशी बोलून ठरवा आणि तो पूर्ण लिहून द्या. तिकडे सगळे शिकलेले, तरी ही वेळ आली. म्हणजे "अडाणी पेशंट" हे कारण पुढे करण्यात अर्थ नाही.

डिस्चार्जच्या दिवशी मी डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, वॉर्डात जो प्रश्न विचारलात तो पहिल्याच दिवशी विचारला असता तर?"

ते चिडले नाहीत. म्हणाले, "दिवसाला ८० पेशंट बघतो. प्रत्येकाला अर्धा मिनिट जास्त दिलं तर ४० मिनिटं होतात. ती कुठून आणू?"

हिशेब चूक नाही. २०१७ साली ६७ देशांमधल्या आकड्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. नेहमीच्या डॉक्टरकडे पेशंटला सरासरी किती वेळ मिळतो? भारतात साधारण २ मिनिटं. बांगलादेशात ४८ सेकंद. स्वीडनमध्ये २२ मिनिटांहून जास्त. आपल्या सरकारी दवाखान्यातली ओपीडीची रांग ज्याने पाहिली आहे त्याला हा आकडा सांगायची गरज नाही. डॉक्टर कमी आहेत, पदं रिकामी आहेत, हे खरंच आहे. त्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.

पण दुसराही हिशेब आहे. २००२ साली स्वित्झर्लंडच्या एका रुग्णालयात डॉक्टरांना सांगितलं गेलं की पेशंट बोलायला लागला की मध्ये तोडू नका, फक्त घड्याळ बघा. लोक तासभर बोलत बसतील अशी भीती होती. सरासरी आली ९२ सेकंद. दीड मिनिटात माणूस आपलं सगळं सांगून मोकळा होतो. आईचा प्रश्न तर पाच सेकंदांचा होता. तो विचारला गेला नाही आणि नऊ दिवस किती डॉक्टर, किती सिस्टर तिच्यामागे राबल्या ते मी पाहिलं आहे.

डॉक्टरांना मी हे माझ्या पद्धतीने सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सगळ्यांना नाही जमणार. पण नवीन गोळी आणि धोक्याची गोळी, एवढ्यांना जमेल. आणि ते मीच करायला पाहिजे असं नाही." गेल्या महिन्यात आईला दाखवायला गेलो तेव्हा बाहेर एक सिस्टर टेबल टाकून बसली होती. आतून आलेल्या माणसाला ती म्हणत होती, "साहेबांनी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर कोणती गोळी कधी घेणार, सांगा बरं." यात पेशंटची परीक्षा नाही. सांगणाऱ्याची आहे. म्हणून माणसं मोकळेपणी बोलत होती. माझ्यासमोर तिघांपैकी एका आजोबांचं चुकलं. सिस्टरने पट्टीवर मार्करने मराठीत "फक्त रविवारी" लिहून दिलं. विषय संपला.

कायदे, नियम आपल्याकडे नाहीत असं नाही. महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. आपल्या आजाराची, उपचाराची माहिती समजेल अशी मिळणं हा हक्कच आहे. डॉक्टरांवर हात उचलणाऱ्यांविरुद्ध २०१० चा कायदा आहे, आणि तो असलाच पाहिजे. माझा चुलतभाऊ त्या दिवशी वॉर्डात काय करून बसला असता, मला माहीत आहे. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून पेशंटशी कसं बोलावं हे रीतसर शिकवतात. त्या तुकड्या आता बाहेर पडू लागल्या आहेत, त्यांच्याकडून आशा आहे. पण भिंतीवरची सनद आणि मारहाणीचा गुन्हा यांच्या मधली जी जागा आहे, ती फक्त बोलण्याने भरते.

आपल्या बाजूनेही थोडं करता येईल. मी आता आईबरोबर जाताना तीन प्रश्न कागदावर लिहून नेतो. ही गोळी कशासाठी? कधी आणि किती दिवस? काय त्रास झाला तर न थांबता फोन करायचा? हा तिसरा प्रश्न विचारला असता तर "तोंड आलं तर गोळी थांबवून लगेच या" एवढं उत्तर मिळालं असतं आणि गुलकंदात चार दिवस गेले नसते. दुसरं, कुठल्याही डॉक्टरकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. तिसरं, निघण्याआधी आपणच म्हणा, "डॉक्टर, मी परत सांगतो, चुकलं तर सांगा." कोणी खेकसत नाही. आतापर्यंत तरी मला कोणी खेकसलेलं नाही.

आणि एक कळकळीची विनंती. ही पोस्ट वाचून कोणी मेथोट्रेक्सेट स्वतःच्या मनाने बंद करू नका. गोळी चांगली आहे, हजारो लोकांचे हात तिने वाचवले आहेत. आठवड्यातून एकदाच आहे ना, एवढं बघा. शंका आली तर आजच डॉक्टरांना फोन करा.

आता परवाचा प्रसंग. आमच्या संस्थेत एका कर्जाची कागदपत्रं चालली होती. पुतण्याचं कर्ज, सोबत ७० च्या पुढचे चुलते. अठरा वर्षं मी ज्या वाक्यावर नोकरी केली तेच वाक्य बोललो, "काका, इथं, इथं आणि इथं सही करा. समजलं ना?" काका म्हणाले, "हो, हो." पेन टेकवलं. आणि मला आईचं "हो" ऐकू आलं.

मी म्हटलं, "काका, थांबा जरा. सही कशावर करताय, मला सांगा बरं."

ते हसून म्हणाले, "साक्षीदार म्हनून, न्हवं का?"

ते जामीनदार होते.

दहा मिनिटं गेली. पुतण्या तोंड वाकडं करून बसला, मागे रांग वाढली, मॅनेजरसाहेबांनी दोनदा मान वर करून पाहिलं. काकांना सगळं समजावून सांगितलं. सही न करता ते उठले. म्हणाले, "घरात इचारतो आन् मग येतो."

त्याआधीच्या अठरा वर्षांत माझ्या टेबलावर किती जणांनी असं "हो" म्हणून सही केली असेल, याचा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.