कपापासून मागे

चहाच्या इतिहासावर बोलायला उभा राहिलेला वक्ता बहुधा चीनमधूनच निघतो. शेन नुंग नावाचा राजा, उकळते पाणी, वाऱ्याने उडून आलेले पान; मग लू यूचा आठव्या शतकातला ग्रंथ, पोर्तुगीज, इंग्रज, आसाम. तास संपत आला की ‘आणि आपला चहा’ म्हणून घाईघाईने दोन वाक्ये. हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीच्या व्याख्यानमालेत हा क्रम उलटा असावा, असे माझे मत आहे. श्रोता रोज पितो त्या कपापासून निघावे आणि मागे जावे. त्यात वक्त्याची सोय आहेच, पण खरे कारण पुराव्याचे आहे. चहा आपल्याकडे फार जुना, असे सगळेच धरून चालतात. मागे जाऊ लागले की ही समजूत पहिल्या पंधरा मिनिटांतच ढासळते.

टपरीवर वापरतात ती दाणेदार पूड चिमूटभर एका बशीत घ्यावी, दुसऱ्या बशीत दार्जिलिंगची वळलेली अख्खी पाने, आणि दोन्ही बश्या सभेत फिरवाव्यात. माणसे वास घेतात, बोटांत चुरून बघतात. मग सांगावे की हे दाणे यंत्राचे आहेत: पान चिरडून, फाडून, वळवून गोळी करणारी सीटीसी पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. दाण्याला रंग लवकर येतो, एका किलोत कप जास्त होतात, आणि भरपूर दूध, साखर, ठेचलेले आले घालून उकळले तरी कडकपणा टिकतो. वसमतच्या श्रोत्याला हे समजावणे सोपे जाते. ओली हळद शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे आणि मग बाजारात तिचा लिलाव, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. चहाच्या पानाचे सुकवणे, मळणे, आंबवणे, भाजणे तो त्याच हिशेबाने लावून घेतो. आणखी मागे गेले की इंग्रज सरकारने बसवलेला १९०३ चा चहावरचा उपकर येतो. त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. १९३० च्या मंदीत परदेशी गिऱ्हाईक आटले, तेव्हा हा प्रचार देशातच जोराने चालवला गेला: रेल्वे स्थानकांवर फलक, गिरण्यांत चहाची दुकाने, बाजारात फुकट पेले. आपल्या आजोबा-पणजोबांना चहा पाजला गेला, असेच म्हटले पाहिजे.

इथे जाणकार श्रोता हात वर करतो, आणि त्याचा आक्षेप रास्त असतो. १६३८ मध्ये सुरतेला आलेल्या मांडेलस्लो या जर्मन प्रवाशाने तिथल्या बैठकांत रोज चहा पितात, असे लिहून ठेवले आहे. मग इंग्रजांनी चहा शिकवला, हे कसे? उत्तर असे की तो चीनहून आलेला महाग माल होता, बंदरावरच्या सुखवस्तू मंडळींचा. त्या चहापासून सेनगावच्या स्टँडवरच्या चहापर्यंत सलग वाट जात नाही. मधे आसामचे मळे लागतात, आणि करार करून, उचल देऊन दूरदूरहून तिथे नेलेले मजूर लागतात. उचल म्हणजे काय, हे ऊसतोडीला जाणाऱ्या गावांना वेगळे सांगावे लागत नाही.

पण माझ्या मते व्याख्यानाचा गाभा कोणी कोणाच्या हातचा चहा घेतला, हा आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये प्रतिष्ठित मंडळींना चहा-बिस्किटे दिली गेली. गोपाळराव जोशींनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि ज्या रानड्यांचे नाव वसंत व्याख्यानमालेशी जोडलेले आहे त्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. यात टिळकही होते. पुढे कोल्हापुरात शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन चहा पीत, तेव्हा दलिताच्या हातचा चहा उघडपणे पिणे हीच राजाज्ञेइतकी ठळक गोष्ट होती. आणि मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत हॉटेलबाहेर वेगळ्या कपबश्या ठेवलेल्या असत. दलित गिऱ्हाइकाने चहा प्यायचा आणि कप स्वतःच विसळून ठेवायचा. ‘लोक करमणुकीला येतात, त्यांच्यापुढे जात कशाला?’ असे संयोजक कधी कधी सुचवतात. हे मला पटत नाही. वरचा सगळा इतिहास गाळून चहाने माणसे जोडली असे सांगणे, हे हलकेफुलके नव्हे, ते खोटे आहे. शिवाय सभेत वेगळ्या कपातून प्यालेली माणसे बसलेली असू शकतात. त्यांच्यापुढे गप्प राहणे हीसुद्धा एक भूमिकाच.

उलट्या क्रमाने सनावळीचा गोंधळ होतो, ही तक्रार मात्र काही अंशी मान्य. फळ्यावर पाच-सहा साले लिहून ठेवली की ती बरीच मिटते. दंतकथाही टाकून देऊ नयेत, फक्त त्यांच्याशेजारी पुरावा ठेवावा. शेन नुंगशेजारी चीनमधल्या हान सम्राट जिंगच्या समाधीत सापडलेली, एकवीसशे वर्षांपूर्वीची चहाची पाने. मुंबई आंदण म्हणून इंग्रजांना मिळाली त्या १६६२ च्या लग्नातली पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन इंग्लंडला चहा घेऊन गेली, या लाडक्या गोष्टीशेजारी १६५८ ची लंडनच्या वर्तमानपत्रातली चहाची जाहिरात. राणीने फार तर दरबारात चहाचा थाट वाढवला.

‘हे सगळे पुण्या-कोल्हापूरचे झाले, आमच्या हिंगोलीचे काय?’ हा शेवटचा प्रश्न, आणि सगळ्यांत चांगला. टपरीचे दप्तर कोणी ठेवत नाही. म्हणून वक्त्याने इथे बोलणे थांबवून वयस्कांना विचारावे: घरात चहा कधीपासून, आधी पाहुण्याला काय देत, गूळ की साखर, कप कोणाचे वेगळे. १९१२ मध्ये पूर्णेहून रेल्वे हिंगोलीला आली, १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता, असे दोन-तीन खुंटे द्यावेत. त्यांच्या अलीकडचे की पलीकडचे, एवढे माणसे बरोबर सांगतात. उत्तरे गावाच्या नावासकट टिपून घ्यावीत. आठवण हा मात्र अर्धाच पुरावा. उरलेला अर्धा जुन्या किराणा दुकानांच्या खतावण्यांत शोधावा लागतो, आणि त्या कोणाच्या माळ्यावर पडल्या आहेत, हेही त्याच सभेत विचारून घ्यावे.