गव्हातली एक मीटर वाट



यंदा खरिपाची पेरणी धाकट्या भावावर सोपवून जूनमध्ये तीन आठवडे लेकीकडे, इंग्लंडातल्या ब्रायटनला होतो. शहर दोन दिवसांत बघून झालं. मग म्हणलं, मला शिवार दाखव. तिने साउथ डाउन्सच्या टेकड्यांवर नेलं. दिवसभरात पंधरा-सोळा किलोमीटर चाललो. त्यातलं शेतकऱ्याच्या कामाचं तेवढं इथे नोंदवतो.

ब्रायटनहून रेल्वेने दहा मिनिटांत हॅसॉक्स, तिथून चालत क्लेटन गाव आणि वर टेकडी. ‘डाउन’ म्हणजे खाली असं आपण शाळेत शिकलो, पण या शब्दाचा जुना अर्थ टेकडी. टेकडीवर दोन पवनचक्क्या आहेत, नावं जॅक आणि जिल. जिल लाकडाची. ती 1821 मध्ये ब्रायटनला उभारली आणि 1852 च्या सुमारास बैल आणि घोडे जुंपून अख्खी ओढत इथे आणली. बैलांचं नाव ऐकून मला जरा बरं वाटलं.

तिथून टेकडीच्या माथ्यावरून पाऊण तासात डिचलिंग बीकन. उंची फक्त 248 मीटर. सह्याद्रीत वाढलेला माणूस याला डोंगर म्हणणार नाही. पण वर उभं राहिलं की उत्तरेला खाली झाडीच्या कुंपणांनी आखलेली शेतं लांबपर्यंत दिसतात आणि दक्षिणेला समुद्र. पूर्वी संकटाचा इशारा द्यायला इथे आगटी पेटवायचे, म्हणून ‘बीकन’.

पायाखालची जमीन सगळी चुनखडीची. वीतभर माती, खाली पांढरा खडू आणि मध्ये गारगोट्या. पाणी थांबतच नाही, सरळ खाली मुरतं. म्हणून जुन्या लोकांनी माथ्यावर खड्डे खणून तळाला चिकणमाती चोपून बसवली आणि मेंढरांसाठी तळी केली. आपलं शेततळंच, फक्त प्लास्टिकचा कागद नाही. त्याला दवाचं तळं म्हणतात, पण भरतं ते मुख्यतः पावसाने.

मेंढरांची गोष्ट तर अगदी आपली निघाली. इथली साउथडाउन जात, जवळच्याच ग्लाइंड गावच्या जॉन एलमन यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी सुधारलेली. कळप दिवसा टेकडीवर चरायचा आणि रात्री खालच्या रानात ताट्या लावून बसवायचा, म्हणजे लेंडी-मूत गव्हाच्या रानात. आपल्याकडे धनगर येऊन मेंढ्या बसवतात, तेच. टेकडीवरचं आखूड, मऊ गवत शतकानुशतकं असं चरून तयार झालंय. चराई थांबली की काटेरी झुडपं चढतात, जशी आपल्या गायरानावर घाणेरी चढते.

आता मुख्य मुद्दा.

दक्षिणेच्या उतारावर वाट थेट एका गव्हाच्या शेतात शिरली. कडेने नाही, मधोमध. गहू कमरेइतका, ओंबी भरत आलेली. मी थांबलो. दुसऱ्याच्या उभ्या पिकात पाय घालायची आपल्याला सवय नाही. लेक म्हणाली, “चला बाबा, रस्ता आहे.” खरंच होता. सुमारे एक मीटर रुंद, सरळ, आणि शेताच्या तोंडाशी खांबावर पिवळा बाण. पिवळा म्हणजे पायी चालणाऱ्यांचा, निळा म्हणजे घोडा आणि सायकलसुद्धा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत, बहुतेक खाजगी जमिनीतून. 1949 च्या कायद्याने त्यांची अधिकृत नोंद नकाशावर करायला लावली. जमीन विकली तरी वाट जमिनीबरोबर जाते. शेतातून आडवी जाणारी वाट पेरणीसाठी नांगरता येते, पण पहिल्या मशागतीनंतर 14 दिवसांत आणि त्यानंतरच्या प्रत्येक कामानंतर 24 तासांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची. पायवाट किमान 1 मीटर. बांधालगतची असेल तर नांगर लावायचाच नाही आणि रुंदी दीड मीटर. फाटक दुरुस्त ठेवायचं काम मालकाचं, त्यातला किमान चौथा हिस्सा स्थानिक प्रशासन देतं.

मी मनात हिशेब केला. शेत चारशे मीटर लांब धरलं तर वाटेत चार गुंठे गेले. तिथे गव्हाची सरासरी हेक्टरी 8 टनांच्या आसपास. म्हणजे सव्वातीन क्विंटल गहू दरवर्षी चालणाऱ्यांच्या पायाखाली.

पुढच्या फाटकाशी एक शेतकरी पाण्याच्या हौदाचा व्हॉल्व्ह बघत होता. लेकीला म्हणलं, विचार, या वाटेचा त्रास होत नाही का? तो म्हणाला, “वाटेचं काय विचारता, ती आधीपासून आहे. कुत्र्यांचं विचारा.” मोकळे सोडलेले कुत्रे मेंढरांच्या मागे लागतात, लोक फाटक उघडं टाकून जातात, हे तो दहा मिनिटं सांगत होता. चिडलेलाच होता. पण वाट बंद करायची भाषा त्याच्या तोंडी एकदाही आली नाही.

तीच वाट पुढे छत्रीला गेली. पॅचमच्या वर, चराऊ रानाच्या मधोमध पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले हिंदी सैनिक ब्रायटनच्या इस्पितळांत आणले होते. त्यातले जे हिंदू आणि शीख दगावले, त्यांचं दहन या टेकडीवर झालं. 1921 मध्ये छत्रीचं अनावरण झालं आणि 2010 मध्ये शेजारी 53 जणांची नावं कोरलेला दगड बसवला. तिथपर्यंत मोटारीचा रस्ता नाही. रानातून चालतच जायचं, आणि शंभर वर्षांनीही माणूस जाऊ शकतो. बहुतेक शेतकऱ्यांचीच पोरं असतील ती. मी नावं वाचली, चप्पल काढून हात जोडले. लेक काही बोलली नाही.

आणि तिथे मला आपली पाणंद आठवली. गाव नकाशावर ती दुहेरी तुटक रेषेत स्पष्ट आहे. जागेवर दोन्ही बाजूंनी सरी सरी करत ऊस आत आला आणि उरली अडीच फूट. तोडणीला ट्रॉली जात नाही. दोन वर्षांपूर्वी श्रावणात एका म्हातारीला मसणवाट्यात न्यायचं होतं, तर खांदेकऱ्यांनी तिरडी आडवी करून चिखलातून, पाचटातून काढली. चार गुंठ्यांचा हिशेब तिथेही कुणीतरी केला होताच की.

कायदा आपल्याकडेही आहे. असलेला रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदाराकडे दावा, पण अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत. शेतात जायला रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहिता 1966, कलम 143 खाली बांधावरून मागता येतो. पण निकाल लागेपर्यंत दोन घरांचं बोलणं बंद होतं, ते कुठलं कलम जोडून देत नाही.

तिथला शेतकरी काही आपल्यापेक्षा मोठ्या मनाचा नाही. वाटेची नोंद पक्की आहे, मोजमाप ठरलेलं आहे, म्हणून त्याला रोज मोठं मन दाखवावं लागत नाही. मी आल्यावर भूमी अभिलेखमधून गाव नकाशाची नक्कल काढली. उसाची तोड झाली की दोन्ही बाजूंच्या सहा खातेदारांना घेऊन टेप लावायचा विचार आहे. सुरुवात आमच्या बांधापासून.

तुमच्या गावात पाणंद भांडणाशिवाय मोकळी झाली असेल, तर कशी झाली ते जरूर लिहा. आम्हाला उपयोगी पडेल.